होडी उतरवली की ट्रेलरचे मागचे दिवे जातात, आता एक चाकही किरकिरतंय. काय करावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पंधरा फुटी फायबरची होडी, बाहेरून आलेला एका ॲक्सलचा जुना ट्रेलर, बहुतेक उजनीला आणि वर्षातून एकदोनदा अलिबागला नेता. होडी सोडून ट्रेलर वर काढला की दिवे बंद, आणि गेल्या खेपेपासून डाव्या चाकातून किरकिर. दिवे सिलिकॉननं बुजवून टाकू का आणि ब्रेक काढूनच टाकू का, असं विचारलंय. दोन्हीला नाही.

मी इंदूरचा. आम्ही तिघांनी मिळून घेतलेली होडी भेरूघाट उतरून, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून, हनुवंतियाच्या बाजूला इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर नेतो. पहिल्याच खेपेला जे तुमचं होतंय तेच आमचं झालं. दोन-अडीच तास गाडी हाकून आलो, मुलं ओरडत होती, थेट रिव्हर्स घेऊन ट्रेलर पाण्यात घातला. संध्याकाळी निघताना बघतो तर मागचे दोन्ही दिवे मेलेले, एका दिव्याच्या काचेत पाणी आणि त्यात फुटलेल्या बल्बचा चुरा. त्या रात्री भेरूघाट चढताना आमचा एक जण गाडीच्या मागच्या खिडकीतून टॉर्चवर बायकोची लाल ओढणी गुंडाळून धरून बसला होता. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि वर घरी येईपर्यंत ओढणीला भोक पडलं म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

बल्ब पाण्यामुळे फुटत नाही, तापलेला असताना गार पाणी लागल्यामुळे फुटतो. आणि गंमत बघा, उतारावर रिव्हर्स घेताना तुमचा पाय कशावर असतो? ब्रेकवर. म्हणजे २१ वॅटचा ब्रेकचा दिवा सगळ्यात जास्त तापलेला असतो नेमका पाण्यात जाण्याच्या क्षणी. शिवाय वीज चालू असताना ओले झालेले टर्मिनल फार लवकर सडतात, हिरवट बुरशीसारखं साचतं ते तेच. खाऱ्या पाण्यात तर हे कित्येक पटींनी जलद. म्हणून उताराच्या वरच्या टोकाला थांबून ट्रेलरचा प्लग गाडीच्या सॉकेटमधून काढायचा. काढलेला प्लग जमिनीवर लोंबकळत ठेवायचा नाही, दांडीला वर अडकवायचा. तो भिजलेला तसाच परत खोचला तर गाडीचा फ्यूज उडू शकतो आणि मग ट्रेलरचेच काय, गाडीचेही मागचे दिवे जातात.

सिलिकॉनचा नाद सोडा. पाणी कुठून तरी आत जातंच, आणि सगळीकडून बुजवलं की बाहेर यायला वाट राहत नाही. दिव्याच्या तळाला बारीक भोक असलेलं बरं. जुने बल्बचे दिवे ठेवायचेच असतील तर ठेवा, पण पाण्यात बुडणारे, आत राळ ओतून बंद केलेले एलईडी आता सहज मिळतात. ते तापत नाहीत आणि फुटायला त्यांत काच नसते.

पण माझं खरं मत विचाराल तर दिवे पाण्यात न्यायचेच कशाला? आम्ही इंदूरच्या सियागंज बाजारातून ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणला, त्यावर दोन्ही दिवे आणि नंबर प्लेट बसवली. होडीच्या मागच्या बाजूला दोन पिनांनी अडकते, उतारावर पोचलो की पिना काढायच्या आणि पट्टी गाडीच्या डिकीत. होडी पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर रस्त्यानं न्यायचा असेल तर ट्रेलरलाच अडकवता येईल अशीही सोय करून घ्या. तेव्हापासून एकही बल्ब बदललेला नाही.

तारांमध्ये दहातले आठ दोष अर्थिंगचे, म्हणजे करंट परत जायच्या वाटेचे निघतात. ट्रेलर बनवणारा अर्थ चौकटीला देऊन मोकळा होतो, मग चौकटीला गंज चढला की करंट परत कुठून जाणार? ओळखायची खूण सोपी आहे: इंडिकेटर दिला की त्याबरोबर मागचा लाल दिवाही फडफडतो किंवा मंद होतो. आमच्या इथला इलेक्ट्रिशियन प्लग न उघडताच म्हणाला होता, "साब, अर्थ नहीं मिल रहा." उपाय म्हणजे प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थची तार, थेट प्लगपर्यंत. तार टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या, जोड नुसत्या टेपनं गुंडाळू नका, आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) तापवून बसवा.

तुमचा ट्रेलर बाहेरचा आहे म्हणून एक अडचण सांगतो. गोल सात पिनांच्या नेहमीच्या पद्धतीत पांढरी तार अर्थ, पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, काळी आणि तपकिरी मागचे दिवे. अमेरिकन चपट्या प्लगमध्ये मात्र ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर चालतात: पिवळी डावीकडे दोन्ही कामं करते, हिरवी उजवीकडे. हे दोन नुसते रंगाला रंग जुळवून जोडले की ब्रेकचे दिवे लागतच नाहीत, आणि माणूस वर्षभर पाण्याला दोष देत बसतो. मधे कन्व्हर्टर लागतो.

आता ब्रेक. तुमच्या ट्रेलरला बहुधा रेट्यावर चालणारा ब्रेक असेल: गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंग (ट्रेलर गाडीला जोडणारं तोंड) आत दबतं आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. रिव्हर्समध्येही कपलिंग तसंच दबतं, म्हणून अशा ट्रेलरला रिव्हर्समध्ये ब्रेक सोडवायची काही ना काही सोय असते. चपट्या प्लगमध्ये पाचवी निळी तार असेल तर ती याच कामाची. रिव्हर्स लाइटच्या करंटवर एक व्हॉल्व्ह ब्रेक बंद ठेवतो. आता बघा घोळ: दिवे वाचवायला तुम्ही प्लग काढला, की तो व्हॉल्व्हही मेला, आणि ट्रेलर उतारावर चाकं आवळून बसला. तुम्ही रेस देता, ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) घासतात, चाकाबरोबर फिरणारा ड्रम तापतो, आणि तो तापलेला ड्रम पाण्यात जातो. प्लग काढण्याआधी कपलिंगला हातानं अडवायची पिन आहे का बघा. आमच्या पिनेला लाल चिंधी बांधलेली आहे आणि ट्रेलर वर आला की आधी ती काढायची असा नियम आहे. पिन तशीच राहिली तर रस्त्यावर ट्रेलरला ब्रेकच नसतो.

डाव्या चाकाचं मूळही बहुतेक गरम-गारातच आहे. तासन् तास फिरलेला हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, तापलेला असतो, आतली हवा पसरलेली असते. तो एकदम पाण्यात गेला की हवा आकसते आणि ऑइल सीलच्या (ग्रीस आत राखणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेनं पाणी आत ओढलं जातं. आमचा हब उघडला तेव्हा ग्रीस कॉफीत दूध घातल्यासारखं झालं होतं. म्हणून पोचल्यावर अर्धा तास थांबायचं. या वेळात होडीचे पट्टे सोडा, सामान भरा, होडीच्या तळाचं पाणी काढायच्या भोकाला बुच लावलंय का बघा. विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा मात्र होडी पाण्यावर येईपर्यंत सोडायचा नाही. मग हाताची मागची बाजू हबला लावून बघा. कोमट वाटला तरच पाण्यात. आणि उतार तसा असेल तर हब बुडेपर्यंत आत जायची गरजही नसते, टायरचा खालचा भाग भिजला की पंधरा फुटी होडी सरकते. आमच्याकडे धरणाची पातळी उन्हाळ्यात खूप खाली जाते, तेव्हा चिखलात खोल जावं लागतं, तो भाग वेगळा.

हबला हात लावायची सवय वाटेतही ठेवा. घाट उतरल्यावर पहिल्या टपरीवर चहा घेताना आम्ही दोन्ही चाकं चाचपतो. एक चटका देणारं आणि दुसरं कोमट असेल तर एकीकडचा ब्रेक आवळून धरतोय, बेअरिंग जातंय, नाहीतर दुसरीकडचा ब्रेक लागतच नाहीये.

तर जॅक लावून डावं चाक उचला. हातानं फिरवा, खरखर बेअरिंगची की घासण्याचा आवाज ड्रमचा, ते कानाला कळतं. मग वर आणि खाली धरून हलवा, खटका लागला तर बेअरिंग सैल. ग्रीस दुधाळ निघालं तर बेअरिंग धुऊन परत घालू नका, सीलसकट नवीन घ्या. स्प्रिंगची ग्रीसची टोपी बसवणार असाल तर चांगलंच, पण ग्रीस गन मारताना हात आवरा. जास्त दाब झाला की मागचं सील सुटतं आणि ग्रीस थेट ब्रेकच्या लायनरवर.

अलिबागहून परतताना ड्रम त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं आतून धुतले पाहिजेत. ड्रमच्या मागच्या प्लेटच्या भोकातून पाइप लावा. दुसऱ्या दिवशी घरी पोचून धुण्यात अर्थ नाही. उजनीला खार नसला तरी गाळ असतो, तो लायनरमध्ये बसून पॉलिश पेपरसारखा ड्रम घासतो. उतारावरून निघाल्यावर पहिले दोनशे मीटर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबा, म्हणजे लायनर सुकतात. घरी ठेवताना ट्रेलरचा हॅन्डब्रेक सोडलेला आणि चाकांखाली लाकडी ठोकळे. पावसाळाभर ओढून ठेवलेला आमचा ब्रेक ड्रमला असा चिकटला होता की हातोड्यानं ठोकून सोडवावा लागला. ब्रेक ऑइलही दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवीन असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते, आणि घाटात ते उकळलं की ट्रेलरचे ब्रेक नीट लागत नाहीत.

तुमच्या प्लगचा फोटो टाका, पिना किती आणि तारा कोणत्या ते दिसलं की जोडणीचं नक्की सांगेन. डावं चाक मात्र त्याची वाट न बघता उचला, आणि ते उघडून बघेपर्यंत अलिबागला निघू नका.