बुद्धिबळातल्या अवघड डावपेचांच्या ५० स्थितींपैकी जे इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) जास्त सोडवतं, तेच जास्त ताकदवान समजायचं का?

नाही.

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक स्थितीला ३० सेकंद दिले, एका इंजिनाने ३८ सोडवल्या, दुसऱ्याने ३१, आणि आता स्वतःच्या डावांच्या विश्लेषणासाठी पहिलं ठेवावं का, की वेळ वाढवून परत चाचणी घ्यावी. याच विषयावरून माझी एका फार जवळच्या मित्राशी मैत्री तुटायची वेळ आली होती. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही दोघं मिळून एक इंजिन लिहीत होतो. शोधाचा भाग (पुढच्या चाली किती खोल बघायच्या) त्याचा, मूल्यमापन (स्थिती कुणाला किती चांगली) आणि चाचणी माझी. चाचणीसाठी मी सगळे वापरायचे तोच संच घेतला होता, रेनफेल्डच्या ‘विन ॲट चेस’मधल्या ३०० स्थिती. प्रत्येकीला ५ सेकंद. आमचं इंजिन २७१ सोडवायचं. रोज रात्री चाचणी लावायची, सकाळी उठून आधी तो आकडा बघायचा, अशी मला सवयच लागली होती.

मग मी आकड्याच्या मागे लागलो. प्रत्येक शहानंतर शोध एका चालीने खोल जाईल असं केलं. जिथे मारामारी होते तिथेही तेच. नल-मूव्ह (आपली चाल सोडून दिली तरी स्थिती चांगलीच राहते का ते बघून शोध छाटायची युक्ती) बंद केली, कारण दोन-तीन स्थितींमध्ये तिच्यामुळेच उत्तर हुकत होतं. तीन आठवड्यांत २८९ झाले. मला वाटलं, आपण मोठा टप्पा गाठला. मित्राला कळवलं. त्याने काहीच न बोलता जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती यांचे ४०० डाव लावले. नव्या आवृत्तीला ४१ टक्के गुण पडले. म्हणजे साठेक एलो (खेळाच्या ताकदीचे गुण) गेले.

कारण सरळ आहे, पण मला ते पचायला वेळ लागला. संचातल्या प्रत्येक स्थितीत काहीतरी दडलेलं असतं आणि ते आपल्याला आधीच माहीत असतं. खऱ्या डावात चाळीस चालींपैकी बहुतेक वेळा शोधण्यासारखं काही नसतंच. तिथे मी इंजिनाला प्रत्येक शहामागे पळवत होतो आणि नल-मूव्ह काढल्यामुळे साध्या, शांत स्थितीत त्याची खोली घटली होती. दुसरं म्हणजे असे संच एकाच दिशेने प्रश्न विचारतात: जिंकणारी चाल सापडते का? मोहात पाडणारा पण चुकीचा बळी (मुद्दाम दिलेली सोंगटी) इंजिन टाळतं का, हे ते जवळपास विचारतच नाहीत. ज्याला कुठलाही बळी बरोबरच वाटतो असं इंजिन अशा संचात फार हुशार दिसतं. म्हणून तुमच्या ५० मध्ये निदान दहा स्थिती ‘ही चाल खेळू नये’ या प्रकारच्या घाला. स्थिती साठवायच्या ईपीडी फाइलमध्ये त्यासाठी वेगळी खूण असते, पण ती फारसं कुणी वापरत नाही.

मित्र म्हणाला, संच फेकून दे. इतक्यावर थांबला असता तर मी ऐकलं असतं. त्याने आमच्या सामायिक कोडमधून माझं सगळं चाचणीचं फोल्डर काढून टाकलं आणि लिहिलं, ‘कोडी सोडवणं हा खेळ नाही.’ स्टॉकफिश या इंजिनाचे लोक २०१३ पासून फिशटेस्ट या आपल्या चाचणी-यंत्रणेवर प्रत्येक छोट्या बदलासाठी हजारो डाव खेळवतात, मग आपण वेगळं का करायचं, हा त्याचा मुद्दा. मुद्दा बरोबर होता. फोल्डर काढणं बरोबर नव्हतं. आम्ही आपापल्या वाटेने गेलो, कोडची एकेक प्रत दोघांकडे राहिली.

काही महिन्यांनी मी ग्रँडमास्टर प्लास्केटच्या नावाने ओळखली जाणारी ती प्रसिद्ध रचना (मुद्दाम रचलेलं कोडं) इंजिनाला घातली. मूळ रचना व्हान ब्रॉइकेलेनची, जी १९८७ साली ब्रसेल्समध्ये प्लास्केटने इतर खेळाडूंना दाखवली आणि शेवटी माजी विश्वविजेत्या तालने सोडवली. (तिच्या मूळ रूपात संगणकांनी नंतर पळवाट शोधली, पण मुख्य कल्पना बघायला ती अजूनही उत्तम.) सातव्या चालीला काळ्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचतं आणि तिथे वजीर न घेता घोडा घ्यावा लागतो, कारण वजीर घेतला तर पांढरा उंटाने लगेच मात करतो. माझ्या इंजिनाला ही घोड्याची चाल एका खोलीवर दिसली, पुढच्या खोलीवर गायब झाली, आणि नंतर अर्धा तास चालू ठेवलं तरी परत आली नाही.

चाल दिसलीच नसती तर मी शोध कमी पडतोय म्हणून सोडून दिलं असतं. दिसून गायब होणं मात्र खटकलं. दोन दिवस लागले. आमच्या हॅश टेबलात (आधी तपासलेल्या स्थितींची इंजिनाची आठवण) चाल साठवताना फक्त ‘कुठून’ आणि ‘कुठे’ ही दोन घरं साठवली जात होती, प्याद्याचं काय झालं ते नाही. परत वाचताना कोड गृहीत धरायचा की वजीरच झाला. मग तीच चाल दोनदा तपासली जाऊ नये म्हणून त्याच दोन घरांमधली बाकीची चाल गाळली जायची. म्हणजे घोड्याची चाल सर्वोत्तम ठरताच पुढच्या खोलीवर तिच्या जागी वजिराची चाल तपासली जायची आणि घोड्याची कायमची बाद व्हायची. चालींची संख्या मोजणारी पर्फ्ट चाचणी पूर्ण बरोबर येत होती, कारण ती हॅशमधली चाल वापरतच नाही. ही चूक पहिल्या आठवड्यापासून कोडमध्ये होती. मित्राने खेळवलेल्या हजारो डावांमध्ये तिचा मागमूस लागला नव्हता.

मी त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘दुरुस्तीने किती एलो वाढले?’ एकही नाही, मी मोजून पाहिलं होतं. त्याच्या लेखी तिथे वाद संपला. माझ्या लेखी तो तिथेच सुरू होतो, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभाही तोच आहे. तुम्हाला इंजिन स्पर्धेत उतरवायचं नाही, त्याला विचारायचं आहे. जे इंजिन स्वतः सापडवलेलं बरोबर उत्तर पुसून टाकतं त्याच्यावर मी विश्लेषणासाठी विसंबणार नाही, मग ते डाव कितीही जिंको. संचाचा उपयोग रोग शोधायला होतो, ताकद मोजायला नाही. तो फोल्डर मी पुन्हा उभा केला आणि आता त्यात सातशेच्या वर स्थिती आहेत.

आता तुमचे ३८ आणि ३१. बेरीज महत्त्वाची नाही, कुणाला कुठल्या सुटल्या ते बघा. समजा २८ दोघांना सुटल्या, १० फक्त पहिल्याला आणि ३ फक्त दुसऱ्याला. मग खरा सामना १३ स्थितींचाच झाला, १० विरुद्ध ३. नाणं १३ वेळा उडवलं तर इतका किंवा याहून मोठा एकतर्फी निकाल नुसत्या नशिबाने अकरा वेळांतून एकदा तरी लागतो. एवढ्यावर कुठलंही इंजिन काढून टाकू नका. उलट दुसऱ्याने एकट्याने सोडवलेल्या त्या ३ स्थितींकडे मी आधी बघेन.

इंजिन तपासायच्या आधी स्थिती तपासा. हे लोक करत नाहीत आणि मग आकड्यांवरून भांडतात. कास्पारोव्ह-टोपालोव्ह, वेइक आन झी १९९९ हा डाव घ्या. २४व्या चालीचा हत्तीचा बळी सगळ्यांना पाठ आहे, आणि तो ‘उत्तर’ म्हणून संचात घालायचा मोह होतो. पण टोपालोव्हने हत्ती न घेता राजा बी६ वर नेला असता तर पांढऱ्याच्या हाती जिंकण्यासारखं काही राहत नव्हतं. इंजिन ही चाल खेळलं नाही तर ते चुकलं असं म्हणता येत नाही. सुंदर चाल आणि एकमेव जिंकणारी चाल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संचात दुसरीच हवी.

याच्या उलट टोपालोव्ह-शिरोव्ह, लिनारेस १९९८. काळ्याने ४७व्या चालीला उंट एच३ वर ठेवून सरळ देऊन टाकला. दोघांचे उंट उलट रंगांच्या घरांचे, काळ्याची दोन प्यादी जास्त, आणि तरी बाकी सगळं बरोबरीकडे जाणारं. उंट देऊन काळ्याने आपला राजा ई४ वर पोचवायला एका चालीची उसंत मिळवली. त्या काळच्या इंजिनांना ही चाल दिसत नसे, आणि का दिसत नसे हे समजून घेण्यासारखं आहे. फुकट दिलेला उंट चालींच्या यादीत अगदी शेवटी जातो आणि शेवटच्या चालींना इंजिन कमी खोलीवर तपासतं. बळीचं फळ शहाने किंवा मारामारीने मिळत नाही, राजाच्या शांत चालींनी मिळतं, आणि शांत चालीच सगळ्यात आधी छाटल्या जातात. अशी एक स्थिती, सहज सुटणाऱ्या पन्नास मातींपेक्षा इंजिनाबद्दल जास्त सांगते.

‘सुटली’ कधी म्हणायचं हेही ठरवा. चाल तिसऱ्या सेकंदाला दिसली आणि विसाव्याला बदलली तर ती सुटलेली नाही. चाल बरोबर पण मूल्यमापन बरोबरीचंच दाखवत असेल तर बहुधा ती दुसऱ्याच कारणाने आली आहे. मी शेवटचा बदल कधी झाला ती वेळ लिहितो आणि शेजारी मूल्यमापन.

वेळेबद्दल: सगळ्यांना सरसकट वाढवू नका. दोघांनाही न सुटलेल्या स्थितींनाच दहा-दहा मिनिटं द्या, आणि एकदा चार सर्वोत्तम चाली दाखवायला सांगून चालवा. एरवी न सापडणारी चाल अशा वेळी बऱ्याचदा लवकर वर येते, कारण पहिल्या चालीला दिलेली खोली मग बाकीच्यांनाही मिळते. तशी आली तर इंजिनाला चाल कळत नाही असं नसून ते तिच्यापर्यंत पोचत नाही, हे कळतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: वरचं सगळं एका थ्रेडवर (प्रोसेसरवर एका वेळी एकच शोध) चालवलेल्या इंजिनाबद्दल आहे. अनेक थ्रेड दिले तर तीच स्थिती एकदा ४ सेकंदांत सुटते आणि एकदा ४० मध्ये, म्हणून प्रत्येक स्थिती पाच-सात वेळा चालवून मधली वेळ धरा. प्रत्येक स्थितीआधी हॅश रिकामं करा, नाहीतर दुसऱ्यांदा चालवताना इंजिन आठवणीतून उत्तर देतं. टेबलबेस बंद ठेवा, कारण सात सोंगट्यांपर्यंतची उत्तरं त्यात तयारच असतात आणि रचनांच्या बाबतीत तुम्ही शोधाऐवजी डिस्क तपासत बसता. आणि तुमच्या दोनपैकी एक इंजिन लीलाच्या जातीचं, म्हणजे न्यूरल जाळ्याच्या अंदाजावर चाली निवडणारं असेल तर ही तुलना जवळपास निरर्थक आहे. तिचं जाळं ज्या चालीला सुरुवातीलाच क्षुल्लक शक्यता देतं तिच्याकडे ती कितीतरी वेळ वळतच नाही. तिथे ३० सेकंदांचा आकडा तुमच्या ग्राफिक्स कार्डाबद्दल जास्त सांगतो.

विश्लेषणासाठी मी दोन्ही ठेवली असती.