घरची प्रार्थना आणि मुले: वाचकांचे प्रश्न

आमच्याकडे रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होते. दोन गीते, पवित्र शास्त्राचा (बायबलचा) एक अध्याय आणि यजमानांची प्रार्थना धरून पाऊण तास जातो. पाच वर्षांचा धाकटा झोपून जातो, दहा वर्षांची मोठी चुळबुळते. मग रागावणे, रडणे. आमचे काय चुकते? – एक आई, अहिल्यानगर

पहिली चूक वेळेची आहे. जेवण झाल्यावर पाच वर्षांच्या मुलाला झोप येणारच, त्यात भक्तीची उणीव शोधू नका. प्रार्थना जेवणाआधी घ्या. ताटे मांडायच्या आधी टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि सगळे चटईवर. एकूण वेळ बारा मिनिटे, त्याहून जास्त नाही. रोज बारा मिनिटे टिकतात. पाऊण तास मात्र आठवड्यातून तीनदा बुडतो आणि शेवटी बंदच पडतो.

बारा मिनिटांत एवढे बसते: एका गीताची दोन कडवी, दहा-बारा वचने, एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. पाच वर्षांच्या मुलाचे वाक्य 'आजीचा गुडघा बरा कर' एवढेच असले तरी ते पूर्ण आहे. त्याला पुढचे शब्द पुरवू नका.

वाचताना अध्यायाचा हिशेब सोडा. लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकाचा, पहिलाच अध्याय 80 वचनांचा आहे. प्रसंग संपेल तिथे थांबा. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. त्यात 16च अध्याय आहेत आणि घटना भराभर घडतात. रोज एक प्रसंग धरला तर साधारण दोन महिन्यांत ते वाचून होते.

वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलास?' असे विचारू नका. मुले आपल्याला हवे ते उत्तर देतात, 'खोटे बोलू नये', आणि विषय तिथेच संपतो. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळाचा प्रसंग आहे, जेमतेम सात वचनांचा. नावेत पाणी शिरते आहे आणि येशू उशी घेऊन झोपला आहे. ती उशी मुलांच्या नजरेतून सुटत नाही. 'तू नावेत असतीस तर त्याला कशी हाक मारली असतीस?' असे विचारा आणि पुढे गप्प बसा. उत्तर यायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा धीर आपल्याला धरवत नाही, म्हणून आपणच बोलू लागतो.

आणखी एक गोष्ट यजमानांसाठी. 'प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, हिचे मोबाइलचे वेड घालव' ही मुलीच्या दृष्टीने प्रार्थना नसते, डोळे मिटून ऐकलेले रागावणे असते. जे सांगायचे ते तिला समोर सांगा. प्रार्थनेत वडिलांनी स्वतःची चूक कबूल केली, 'आज मी विनाकारण ओरडलो, मला क्षमा कर' असे म्हटले, तर मूल क्षमा म्हणजे काय ते शिकते. 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका' हे इफिसकरांस पत्रातले वचन मुलांना नाही, वडिलांना लिहिले आहे.

चौदा वर्षांचा मुलगा जपमाळेला बसत नाही. 'तेच तेच काय म्हणायचे? विज्ञान वेगळेच सांगते,' म्हणतो. सक्ती करावी का? – एक पालक, वसई

रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) घरातल्या सगळ्यांनी जायचे, हा नियम ठेवा. जपमाळेसाठी सक्ती नको, मात्र तिचा आकार बदला. पाचही रहस्ये, म्हणजे येशू आणि मारियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, म्हणायला वीसेक मिनिटे लागतात. आठवड्याच्या दिवसांत एकच रहस्य घ्या: एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा 'नमो मारिया', शेवटी पवित्र त्रैक्याचा गौरव. चार-पाच मिनिटांत होते. पूर्ण माळ शनिवारी आणि ऑक्टोबर या जपमाळेच्या महिन्यात.

'तेच तेच' वाटते कारण ओठ चालू असतात आणि मनासमोर काहीच नसते. माळ म्हणजे त्या रहस्याकडे बघत राहणे. म्हणून रहस्य जाहीर करायचे आणि त्यावरची शुभवर्तमानातली चार वचने वाचायची, हे काम मुलालाच द्या. गुरुवारपासून सुरुवात बरी. त्या दिवशीची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली जोडली. त्यात काना गावचे लग्न आहे, यार्देनेतला बाप्तिस्मा आहे. चौदाव्या वर्षी हे प्रसंग जवळचे वाटतात.

विज्ञानाच्या प्रश्नाला 'असे विचारू नये' हे उत्तर देऊ नका, दार तिथेच बंद होते. विश्व प्रसरण पावते आहे हे 1927 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथोलिक धर्मगुरू होते, हे त्याला सांगा. जे येत नसेल तिथे 'मलाही माहीत नाही, फादरांना विचारू' म्हणा आणि त्याच आठवड्यात खरोखर विचारा.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, मराठी पवित्र शास्त्र तिला वाचता येत नाही. इंग्रजीतूनच शिकवू का? – पुणे

समजण्यासाठी इंग्रजी चालेल, पण पाठांतर आणि गाणे मराठीतून ठेवा, नाहीतर ती आजीबरोबर प्रार्थना करू शकणार नाही. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 सालचे ख्रिस्तपुराण ओव्यांत रचले, ते लोकांनी गाऊन ऐकावे म्हणूनच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनेही अशीच कानाने पाठ होतात, लिपी यावी लागत नाही. स्तोत्र 23 मध्ये सहाच वचने आहेत, आठवड्याला एक घ्या. पाटीवर 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' लिहून रोज एक शब्द पुसायचा आणि पूर्ण वाक्य म्हणायचे. वचने लिहून काढण्याची शिक्षा मात्र कधीही देऊ नका.

आजीसाठी रोज प्रार्थना केली, तरी ती गेली. सात वर्षांचा नातू विचारतो, 'देवाने ऐकले नाही का?' काय सांगू? – जालना

'देवाला ती आवडली म्हणून घेऊन गेला' असे म्हणू नका. मुलाच्या मनात लगेच येते, उद्या आई आवडली तर? 'झोपली आहे' असेही नको, त्याला रात्री झोपायची भीती बसते. सरळ सांगा: आजीचे शरीर फार थकले होते, ते थांबले. आजी प्रभूजवळ आहे असा आपला विश्वास आहे, आणि तरी आपल्याला रडू येते.

मग योहानाचा अकरावा अध्याय काढा. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना 'येशू रडला', दोनच शब्द. आणि मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही 'हा (दुःखाचा) प्याला दूर कर' म्हटले होते. तो दूर झाला नाही, पण पित्याने ऐकले होते. एवढ्याने नातवाचे समाधान होईलच असे नाही. तो हाच प्रश्न चार-पाच वेळा विचारेल. दरवेळी तेच उत्तर, तितक्याच शांतपणे द्या. आणि रात्रीच्या प्रार्थनेतून आजीचे नाव वगळू नका. 'आजीने केलेल्या करंज्यांबद्दल आभार' असे त्याला म्हणू द्या.