ऑफिसचा लॅपटॉप कधी कधी चालूच होत नाही, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबतं आणि मध्येच भयंकर स्लो होतो. फॉरमॅट मारण्याआधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की बटण दाबलं की दिवा लागतो पण स्क्रीन काळीच राहते, चार्जिंग ८० च्या पुढे जात नाही, आणि काही दिवस एक्सेलची साधी फाइल उघडायलाही मिनिट लागतं. 'फॉरमॅट मार' असा सल्ला तुम्हाला मिळालाय, पण तो तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या दोन गोष्टींचा विंडोजशी फारसा संबंध नाही आणि तिसरीचं कारणही बऱ्याचदा चार्जरच्या पिनमध्ये सापडतं. बिझनेस लॅपटॉपवर फॉरमॅट अंगाशी कसा येतो, ते खाली लिहिलंय.

आधी काळी स्क्रीन. लॅपटॉप खरंच बंद आहे की फक्त चित्र येत नाही, हे ठरवा. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन चालू आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तरीही काळंच असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा आणि खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय. काहीच दिसत नसेल पण बाहेरच्या मॉनिटरवर चित्र नीट येत असेल तर पॅनेल किंवा त्याची केबल.

कॅप्स लॉकही हलत नसेल तर अ‍ॅडॅप्टर, डॉक, पेनड्राइव्ह, सगळं काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. लेनोवोचा थिंकपॅड असेल तर खालच्या बाजूला टाचणीएवढं रिसेटचं भोक असतं का पाहा. सरळ केलेली पेपरक्लिप त्यात हलकेच दाबायची आणि मिनिटभर थांबायचं. नंतर फक्त अ‍ॅडॅप्टर लावून सुरू करा. याने काम होतं याचं कारण साधं आहे. चार्जिंग, पंखा, पॉवर बटण हे सगळं एक वेगळी छोटी चिप सांभाळते. बॅटरी आतच बसवलेली असल्यामुळे लॅपटॉप बंद केला तरी तिचा वीजपुरवठा चालूच राहतो. ती अडकली की तिचा वीजपुरवठा असा तोडल्याशिवाय सुटत नाही.

इतकं करूनही सुरू होत नसेल तर दिव्याची उघडझाप मोजा. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आधी पिवळा-नारिंगी दिवा काही वेळा लुकलुकतो, मग पांढरा. एचपीमध्ये लांब लाल आणि छोटे पांढरे. दोन्ही आकडे लिहून घ्या आणि तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अर्थ बघा, कारण मॉडेलगणिक तो बदलतो. रॅमचा कोड निघाला आणि रॅम काढता येणारी असेल तर पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. मात्र झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. थिंकपॅडमध्ये त्याआधी बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमधून) आतली बॅटरी बंद करण्याची सोय असते, ती वापराच. रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. त्या वेळात घाईने बंद करू नका.

८० टक्क्यांवर थांबणारं चार्जिंग हा बहुधा बिघाड नाही, सेटिंग आहे. लिथियम बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते, म्हणून बिझनेस लॅपटॉपमध्ये मर्यादा घालायची सोय दिलेली असते. लेनोवोमध्ये ती व्हँटेज अ‍ॅपमध्ये सापडेल, डेल आणि एचपीमध्ये बायोसमध्येही. कंपनीच्या आयटी विभागानेच ती लावलेली असू शकते. दिवसभर चार्जरवर काम करत असाल तर ती तशीच राहू द्या, माझं मत ठाम आहे.

पण चार्जिंग अजिबातच होत नसेल, किंवा सुरू होताना अ‍ॅडॅप्टर ओळखता आला नाही असा इशारा येत असेल, तर पिन नीट बघा. डेलच्या गोल पिनच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. वीज तिच्यातून येत नाही. अ‍ॅडॅप्टर किती वॉटचा आहे एवढी माहिती तिच्यातून लॅपटॉपला मिळते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतो. यूएसबी-सी चार्जर असेल तर केबल तपासा. साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. ६५ वॉटला सव्वातीन अँपिअर लागतात, त्यासाठी ५ अँपिअरची केबल हवी. मोबाइलची केबल लावली की 'स्लो चार्जर' असा इशारा येतो तो यामुळे.

आता स्लो होण्याकडे वळू. लॅपटॉप रडत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि टक्केवारीच्या जोडीला 'स्पीड' हा आकडा वाचा. बहुतेक जण फक्त टक्के बघतात आणि तिथेच फसतात. वापर १०० टक्क्यांजवळ आणि स्पीड ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर खिळलेला असेल तर मशीनचा गळा आवळला गेलाय. विंडोज साफ करून काही उपयोग नाही. तसाच चालू ठेवून अ‍ॅडॅप्टर काढा. बॅटरीवर स्पीड एकदम २-३ गिगाहर्ट्झवर उडाला तर दोष अ‍ॅडॅप्टरचा, केबलचा किंवा पोर्टचा. दोन मिनिटांची ही चाचणी फॉरमॅटचा अख्खा दिवस वाचवते.

अ‍ॅडॅप्टर काढूनही स्पीड खालीच असेल तर उष्णता. पंख्यापुढच्या जाळीत धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि हवा बाहेर पडत नाही. लॅपटॉप बंद करून हवेच्या डब्याने छोटे छोटे फवारे मारा, पण पाती काडीने अडवून धरा. हवेच्या जोराने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होतं.

स्पीड व्यवस्थित असेल तर मेमरी बघा. ती सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. आणि एक छोटी गोष्ट: 'शट डाउन' केल्याने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होतंच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर आधीची स्थिती जपून ठेवली जाते. त्यामुळे आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा.

यात एक गोष्ट अजिबात टाळू नका. टचपॅड दाबायला कडक झाला असेल, वर आला असेल किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुलत असेल तर आतली बॅटरी बहुधा फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद, लॅपटॉप बंद, आणि बॅटरी बदलेपर्यंत वापरायचा नाही. दाबून सरळ करायचा किंवा टोचायचा प्रयत्न केला तर ती पेट घेऊ शकते.

आता फॉरमॅटबद्दल. ऑफिसच्या लॅपटॉपची डिस्क बहुधा बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डेटा-कुलपाने, बंद असते. बायोस अपडेट केला, टीपीएम (या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) साफ केलं किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आयटीकडे असते. निळ्या स्क्रीनवर दिसणाऱ्या 'की आयडी'ची पहिली ८ अक्षरं त्यांना कळवायची. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा म्हणजे ही वेळच येत नाही. रिकव्हरी की नसताना फॉरमॅट मारला तर जुना डेटा गेला तो गेलाच. शिवाय मशीन कंपनीच्या नावावर नोंदलेलं असेल तर नवं विंडोज टाकल्यावरही सुरुवातीच्या सेटअपमध्येच कंपनीचं लॉगिन मागतं, आणि तुम्ही पुन्हा आयटीच्याच दारात.

त्यांच्याकडे जाण्याआधी मशीनची स्वतःची तपासणी चालवून घ्या. ती विंडोजच्या बाहेर चालते. सुरू करताना डेलवर एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा, एचपीवर एफ२, नव्या थिंकपॅडवर एफ१०. बॅटरी, रॅम किंवा डिस्क नापास झाली तर एक कोड दिसतो, त्याचा फोटो काढा. वॉरंटीचा दावा करताना तोच विचारला जातो. सोबत अ‍ॅडॅप्टर लावून आणि काढून दिसलेले स्पीडचे दोन आकडे लिहून द्या.