पार्किंगमध्ये नळ नाही, नळी नाही. गाडी स्वच्छ कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, खाली नळ नाही, नळी जोडायची सोय नाही, म्हणून रोज सकाळी निघायच्या आधी कोरड्या फडक्याने गाडी पुसून घेता. एवढं पुरेल का, असं विचारलंय.

आधी ते कोरडं फडकं बाजूला ठेवा. बाकीचं मग सावकाश बोलू.

माझी पहिली गाडी काळी होती आणि मीही अगदी हेच करायचो. दीडेक वर्षाने एका रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बोनेटकडे तिरकं पाहिलं, तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे. कुणीतरी मुद्दाम केलं असणार, अशी माझी खात्रीच पटली. दोन-तीन शेजाऱ्यांवर मनातल्या मनात संशयही घेऊन झाला. मग बाजूला वाकून पाहिलं तर ते जाळं माझ्याबरोबर सरकलं. डिकीवर तेच, दारांवर तेच, टपावर तर जास्तच. खरं तर ओरखडे गोल नसतातच, सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून ते दिव्याभोवती गोल दिसतात. आणि ते सगळे माझ्याच हाताने, रोज थोडेथोडे, मोठ्या मायेने पाडलेले होते.

कारण साधं आहे. धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. काठिण्याच्या मोहस मापावर तो ७ वर बसतो. साधी काचसुद्धा त्याच्यापुढे मऊ. आणि आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो, त्याच्यावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस त्याहून जाड भरतो. कोरडं फडकं फिरवलं की ते कण त्या थरावर दाबून ओढले जातात. पिसांचा झाडू असो की मेण लावलेल्या धाग्यांचा, धूळ बसलेल्या गाडीवर परिणाम तोच. पॉलिश करून ओरखडे जातात, नाही असं नाही, पण पॉलिश म्हणजे तो थरच थोडा घासून कमी करणं. दरवर्षी करत बसलात तर एक दिवस थरच उरणार नाही.

नळीचं खरं काम गाडी ओली करणं हे नसतंच. हात लावायच्या आधी मोकळे कण वाहून नेणं, हे तिचं काम. नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज ओतते, म्हणून आपल्याला वाटतं की भरपूर पाण्याशिवाय गाडी धुताच येत नाही. पण कण भिजवून, निसरडे करून, न दाबता उचलता आले तर बादलीभर पाणी पुरतं.

यासाठी ‘रिन्सलेस वॉश’ नावाचं द्रव मिळतं, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं. त्याला साबणासारखा फेस येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वापरताना फसवलो गेलो असं वाटतं. मलाही वाटलं होतं. त्यातले घटक मातीच्या कणांना वेढून घेतात आणि रंग व कापड यांच्यामध्ये बुळबुळीत थर ठेवतात. लागतं अगदी थोडं. बऱ्याच द्रवांचं प्रमाण एकास २५६ च्या आसपास असतं, म्हणजे ८ लिटर पाण्याला साधारण ३० मिलीलिटर. तरी बाटलीवर लिहिलंय तेच घ्या. जास्त ओतलं म्हणून गाडी जास्त स्वच्छ होत नाही, उलट काचेवर तवंग राहतो.

माझी पद्धत सांगतो. झाडांवर फवारायचा दीड-दोन लिटरचा हातपंप घ्या, त्यात हे द्रव मिसळलेलं पाणी भरा. बादलीत तसंच ८ लिटर पाणी आणि त्यात आठ-दहा मायक्रोफायबरची कापडं बुडवून ठेवा. आधी टपावर आणि वरच्या काचांवर पंपाने फवारा आणि दोन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळे खातात. मग एक कापड काढा, पिळू नका, नुसतं हलकं निथळू द्या. चौघडी घाला. एकदा मधोमध आणि पुन्हा एकदा दुमडलं की दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पृष्ठभाग मिळतात. कापडाच्या वजनानेच ते सरळ रेषेत एकदा ओढा, जोर लावू नका, गोल फिरवू नका. एक-दोन ओढींनंतर घडी उलटा. आठही बाजू संपल्या की ते कापड वेगळ्या पिशवीत. मळकं कापड बादलीत परत बुडवायचं नाही, काहीही झालं तरी नाही. हा एक नियम पाळला तर दुसऱ्या बादलीची गरज पडत नाही, आणि चौथ्या मजल्यावरून दोन बादल्या उतरवणाऱ्यालाच त्याचं महत्त्व कळतं.

वरून खाली या. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण चाकांनी उडवलेली खडी तिथेच चिकटलेली असते. चाकांसाठी जुनी, वेगळी कापडं ठेवा. ब्रेकमधून उडणारी काळी पूड लोखंडाच्या कणांची असते. ते कापड चुकून दारावर फिरलं की दोन-तीन महिन्यांची मेहनत वाया. एकेक भाग झाला की लगेच जाड, कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. आता कोरडं कापड चालतं, कारण खाली माती उरलेली नाही. पाणी आपोआप वाळू दिलंत तर त्यातले कॅल्शियमचे क्षार रंगावर पांढरे ठिपके होऊन बसतात. तसे ठिपके आधीच पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी कापडावर घेऊन मिनिटभर टेकवा आणि लगेच पुसून काढा, पण सावलीत आणि पत्रा गार असताना. खरं तर सगळंच काम पत्रा गार असताना करायचं, नाहीतर फवारलेलं पाणी पुसायच्या आत सुकतं.

पाणी नेण्याबद्दल एक सूचना. भरलेली बादली लिफ्टमधून नेऊ नका. मी नेली होती, आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या आजी घसरता घसरता वाचल्या. तेव्हापासून झाकणाच्या दोन कॅनमध्ये पाणी नेतो आणि रिकाम्या बादलीत खाली ओततो. सगळं मिळून पाऊण तास लागतो आणि जमिनीवर पाण्याचा ओघळही जवळपास येत नाही, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. तरी पार्किंगमध्ये गाडी धुवायला मनाई आहे का, हे एकदा विचारून घ्या.

भांडी घासायचा साबण घेऊ नका. तो वॅक्स, म्हणजे रंगावर संरक्षणासाठी लावलेलं मेण, काढून टाकतो, हे एक. दुसरं म्हणजे तो धुऊन काढायला भरपूर पाणी लागतं, आणि तेच तर आपल्याकडे नाही. गाडीच्या नेहमीच्या शाम्पूचीही दुसरी अडचण हीच.

आता, ही पद्धत कुठे चालत नाही तेही सांगतो. चिखलाचे थर वाळून बसले असतील, चाकांच्या वरच्या पोकळीत माती भरली असेल, तर हात लावू नका. ज्या धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याची बंदूक स्वतः वापरता येते तिथे जा, नुसत्या पाण्याने चिखल काढून घ्या आणि घरी येऊन वरची पद्धत करा. फिरत्या ब्रशांच्या यंत्रात गाडी घालायला माझं मन होत नाही. आधीच्या गाडीचा चिखल त्या ब्रशांत असतोच. माझा एक मित्र म्हणतो की मी उगाच जास्त विचार करतो. त्याची गाडी पांढरी आहे, ओरखडे दिसतच नाहीत, त्याला काय!

पक्ष्यांची शीट मात्र धुवायच्या वारापर्यंत ठेवू नका. ती आम्लधर्मी असते, आणि उन्हात तापून नरम झालेला क्लिअर कोट रात्री तिच्याभोवती आकसला की खळगा कायमचा राहतो. माझ्या डिकीत एक फवाऱ्याची बाटली, दोन कापडं आणि कागदी रुमालांचं पाकीट कायम असतं. रुमाल भिजवून शिटेवर ठेवायचा, पाचेक मिनिटं थांबायचं आणि चिमटीने उचलायचं, घासायचं नाही. पुढच्या बंपरवर चिकटून वाळलेल्या किड्यांनाही हाच उपाय, फक्त वेळ थोडा जास्त. झाडाचा चीक असेल तर कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. तेवढ्या जागेवरचं वॅक्स मात्र जाईल, ते पुन्हा लावा.

वॅक्स किंवा सीलंट (त्याच कामाचं कृत्रिम द्रव) तीन-चार महिन्यांतून एकदा लावलंत तर धूळ घट्ट धरत नाही आणि पुढची धुलाई निम्म्या कष्टात होते. नळी नसलेल्यांसाठी हा खर्च मला चैन वाटत नाही. गाडीवर घालायचं कव्हर मात्र जपून वापरा. मळक्या गाडीवर ओढलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि रात्रभर तेच करतं जे तुमचं फडकं सकाळी पाच मिनिटांत करतं.

कापडं घरी वेगळी धुवा, टॉवेलांबरोबर नको, त्यांचे सुती तंतू अडकतात. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्याने मायक्रोफायबरची धूळ धरायची ताकद जाते. हातातून जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाद, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

आतल्या बाजूचं फार सांगण्यासारखं नाही. मॅटवरचा चिखल पूर्ण वाळू द्या, मग झटका. ओला पुसलात तर पसरतो. पुढच्या काचेच्या आत धुरकट थर येतो तो बराचसा तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफांचा असतो; किंचित ओल्या कापडाने पुसून लगेच कोरड्याने पुसा. काचांना फिल्म लावली असेल तर अमोनिया असलेला क्लीनर टाळा.

आठवड्याला एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा एवढं केलंत तर मधल्या दिवसांत गाडीवर थोडी धूळ दिसेल. दिसू द्या. आणि सकाळी हात शिवशिवलेच, तर ते फडकं घेऊन वायपर उचला आणि त्यांच्या रबराची कड पुसा. तिथे पुसण्याने फायदाच होतो.