गावच्या धबधब्यावरची शनिवार-रविवारची गर्दी कशी आवरावी? सरळ बंदी घालावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दीडशे उंबऱ्यांचं गाव. गेल्या पावसाळ्यात धबधब्याची रील फिरली आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. लोक लावणी झालेल्या खाचरांतून चालतात, एक पोरगा डोहात जाता जाता वाचला. ग्रामसभेत निम्मे म्हणतात बंद करा, निम्मे म्हणतात भजीच्या गाड्यावर घर चालतंय, बंद कसं करता.

मी साताऱ्याच्या पश्चिमेचा. कास पठारावर चार हंगाम गेटवर उभा राहिलोय आणि आता स्वतःच्या गावात हेच निस्तरतोय. गावाचं नाव लिहीत नाही, आहे तेवढी गर्दी पुरे आहे.

आधी बंदीचं बोलू. बंदी काही नवीन नाही. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. जिल्हाधिकारी किंवा प्रांत आदेश काढतात, पेपरात बातमी येते. ऑगस्ट २०२४ मध्ये अतिवृष्टीमुळं आमच्या जिल्ह्यातली पर्यटनस्थळं बंद ठेवायचा आदेश होता, आणि त्याच दिवसांत बोरणे घाटात सेल्फी काढताना एक मुलगी दरीत पडली. दोर सोडून, माणूस खाली उतरून तिला जिवंत वर काढलं. पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला कोसळला, चार जण गेले. तिथं पूल धोकादायक असल्याचा फलक होता. रविवार होता, पुलावर माणसं उभी होती, त्यात दुचाक्याही घातलेल्या. आदेश जिल्ह्याच्या गावी निघतो, पण रविवारी सकाळी सातला तुमच्या फाट्यावर कोण उभं राहणार, हा खरा सवाल आहे. एका पोलीस ठाण्याकडं कितीतरी गावं असतात. तुमच्याकडं दोन पोलीस आले तरी दुपारी जेवायला जाणारच की.

म्हणून माझं सरळ मत सांगतो: माणसांना आवरू नका, गाड्यांना आवरा. गाडी कुठं थांबते ते गावानं ठरवलं की निम्मं काम झालं.

आमच्याकडं पहिल्या वर्षी गाड्या थेट ओढ्यापर्यंत जायच्या. दारू, स्पीकर, पाण्याचे बॉक्स, अख्खं लटांबर डिकीतून निघायचं. दुसऱ्या वर्षी आम्ही फाट्याजवळ, गावच्या पहिल्या घराच्याही अलीकडं, दोन भावांचं पडीक रान भाड्यानं घेतलं. तिथून धबधबा दीड किलोमीटर. चालायचं म्हटल्यावर निम्म्या बाटल्या गाडीतच राहिल्या, स्पीकर तर कुणीच खांद्यावर घेतला नाही. म्हाताऱ्यांसाठी आणि लेकुरवाळ्या बायांसाठी एक टमटम ठेवली. रान भरलं की दोर ओढायचा आणि पुढच्या गाडीला सांगायचं, जागा नाही, दोन तासांनी या. लोक भांडतात, ओळखी सांगतात, कुणी आमदाराला फोन लावतो. पण जागा नाही म्हणजे नाही, हे माणसाला डोळ्यानं दिसतं. ‘प्रवेश बंद’ हे दिसत नाही, ते नुसतं वाचावं लागतं.

मुरूम टाकून घ्या एवढं मात्र ध्यानात ठेवा. आम्ही टाकला नव्हता. पहिल्या दोन रविवारी चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढायला ट्रॅक्टरवाल्यानं जेवढे पैसे घेतले तेवढे ग्रामपंचायतीला पार्किंगचे मिळाले नाहीत.

हे शहाणपण माझं नाही, कासचं आहे. पठार २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दीचा लोंढा आला. जांभ्या कातळावर चार बोटं माती, त्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा. एक पाऊल पडलं की तेवढी फुलं गेली. मग वनखात्याबरोबर कास, कासाणी, आटाळी, एकीव अशा गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या उभ्या राहिल्या, हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं, शुल्क आलं. गेटवर, वाटेवर, पार्किंगला आमच्याच गावांतली पोरं-पोरी. मध्ये तारेचं कुंपणही घातलं होतं, त्यावर खूप वाद झाला. गुरं जायची बंद झाली, रानातल्या जनावरांच्या वाटा अडल्या, आणि चरणं थांबल्यानं फुलांनाच फटका बसतो असं जाणकार म्हणायला लागले. शेवटी काढलं ते. कुंपण होतं तेव्हाही लोक फोटोसाठी तारेत पाय घालायचेच. शिट्टी वाजवणारी आमची एक मावशी मात्र कुंपणाहून भारी. ती शिट्टी वाजवायची आणि मग नुसती बघत राहायची. लोक आपोआप वाटेवर यायचे.

आता पैशांचं, म्हणजे शुल्काचं. इथं आम्ही ठेच खाल्ली, तुम्ही खाऊ नका. पहिल्या वर्षी चार पोरांनी उत्साहात रस्त्यात बांबू आडवा टाकला आणि गाडीमागं वीस रुपये घ्यायला सुरुवात केली. पावती नाही, ठराव नाही. तिसऱ्या रविवारी कुणीतरी व्हिडिओ काढला, ‘गावगुंडांची खंडणी’ म्हणून फिरवला, आणि सोमवारी पोरं ठाण्यात बसून होती. चूक आमचीच होती. त्यामुळं आधी तलाठ्याकडून धबधब्याची आणि वाटेची जमीन कुणाची ते काढा. सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी ती वनखात्याची निघते. मग शुल्क गाव एकट्यानं घेऊ शकत नाही, वनखात्याबरोबरच्या समितीमार्फतच घ्यावं लागतं, आणि तेच बरं, कारण मग गार्डही सोबत उभा राहतो. पार्किंग गावच्या किंवा खाजगी जागेत असेल तर ग्रामसभेचा ठराव, छापील पावतीपुस्तक, वेगळं बँक खातं. जमाखर्च दर महिन्याला चावडीवर लावायचा. शेवटचं नाही केलंत तर दिवाळीपर्यंत गावात दोन पार्ट्या पडतील, लिहून देतो.

कारण भांडण पाहुण्यांशी कमी होतं, आपसात जास्त होतं. रस्त्याला ज्यांची जागा त्यांची भजी, कणसं, पिठलं-भाकरी विकली जाते. वरच्या वस्तीला काय मिळतं? खाचरात फुटलेल्या बाटल्या. लावणीच्या दिवसांत बायका अनवाणी चिखलात उभ्या असतात, काच पायात घुसते. ग्रामसभेत ‘बंद करा’ म्हणणारे बहुतेक हेच लोक असतात आणि त्यांचं चुकत नाही. आम्ही गेटच्या पाळ्या वस्तीवार लावल्या, रोजावर. ज्याचं हॉटेल आहे त्याच्या घरातल्याला पाळी नाही. खूप ओरड झाली, पण दुसऱ्या महिन्यात वरच्या वस्तीचीच पोरं सगळ्यात कडक निघाली. बाटली दिसली की पिशवी उघडायला लावतात.

सुरक्षेत सगळ्यात उपयोगी पडले ते बिल्ले. धबधब्याखाली सुरक्षित कातळावर माणसं किती मावतात हे आम्ही गावचीच माणसं तिथं उभी करून मोजलं. तेवढे पत्र्याचे बिल्ले करून घेतले, नंबर ठोकून. वाट जिथं उतरायला लागते तिथं एकजण बसतो. खाली जाणाऱ्याला बिल्ला, वर येताना परत. बिल्ले संपले की खाली जाणं बंद. पाचला शेवटची शिट्टी, साडेपाचला खिळ्यावरचे बिल्ले मोजायचे.

एका रविवारी सत्त्याऐंशी नंबरचा खिळा रिकामा राहिला. पाऊस जोरात, अंधारून आलेलं. आम्ही शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या. चार पोरं बॅटऱ्या घेऊन ओढ्यात उतरली. कंबरभर पाणी होतं. तासाभरानं पार्किंगचा पोरगा पळत आला. सत्त्याऐंशी नंबर गाडीत काचा वर करून झोपला होता, बिल्ला खिशात. दुसऱ्या पायवाटेनं वर आलेला. त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण रात्री झोप लागली नाही ती त्याच्यामुळं नाही, आमची चार पोरं दोराशिवाय पाण्यात उतरली होती म्हणून. त्यानंतर दोन नियम झाले. बिल्ल्याला पन्नास रुपये अनामत, आणि दोर व जॅकेट असल्याशिवाय पाण्यात कुणीही उतरायचं नाही, बुडणारा सख्खा भाऊ असला तरी. दुसरा नियम पोरांच्या गळी उतरवायला वर्ष गेलं.

पाणी कसं वाढतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण पाहुण्याला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं इथं ऊन आहे म्हणजे भ्या नाही. वरच्या माळावर ढग फुटला की पाच-दहा मिनिटांत लोंढा खाली. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब असंच मधल्या खडकावर अडकलं. एकमेकांना धरून उभे होते आणि पाच जण वाहून गेले. आमची म्हातारी माणसं तीन खुणा सांगतात: पाणी गढूळ व्हायला लागतं, काटक्या-पाचोळा वाहत येतो, आणि ओढ्याचा आवाज जाड होतो. आम्ही खालच्या कातळाजवळ अशाच एका म्हाताऱ्या आबांना छत्री आणि शिट्टी देऊन बसवतो. वरच्या माळावर गुरं राखणाऱ्या पोराकडं फोन असतो. त्याचा मिस्ड कॉल आला की शिट्टी. एका पावसाळ्यात अशी तीनदा सगळी माणसं वर घेतली. तिन्ही वेळा लोकांनी कुरकुर केली, एकदा कातळ खरंच पाण्याखाली गेला.

तुमच्या धबधब्यापाशी रेंज नसेलच. कुठल्या दगडावर उभं राहिलं की फोन लागतो ते शोधा आणि तो दगड चुन्यानं रंगवा. पार्किंगच्या फलकावर ११२ आणि १०८ लिहाच, पण त्याखाली जागेचं पूर्ण नाव, गाव, तालुका, फाट्यापासूनचं अंतर हेही लिहा. घाबरलेला माणूस फोनवर ‘आम्ही धबधब्याजवळ आहोत’ एवढंच सांगतो आणि रुग्णवाहिका तिसऱ्याच धबधब्यावर जाते. जवळच्या गिर्यारोहकांच्या रेस्क्यू टीमला मे महिन्यात एक दिवस गावात बोलवा. लोणावळ्याची शिवदुर्ग आहे, प्रत्येक भागात अशी मंडळी असतात. जेवण घाला, त्यांना वाट दाखवा आणि पोरांना दोर-स्ट्रेचर शिकवायला सांगा. दरीतून एक माणूस वर काढायला पाच-सहा तासही लागतात. त्यांनी जागा आधी पाहिलेली असली तर त्यातला बराच वेळ वाचतो.

रस्त्याची एक बाजू कायम मोकळी ठेवा. आमच्याकडं दुधाची गाडी अडकली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. नंतर बाळंतपणाला निघालेली पोरगी पाऊण तास अडकली, तेव्हा सगळे जागे झाले. सुखरूप झाली ती. आता त्या बाजूला चाक लागलं की हवा सोडतात पोरं. कायद्यात बसतं का, विचारू नका.

बायकांच्या पाणवठ्याकडं जाणारी वाट पहिल्या दिवशीच बंद करा आणि कपडे बदलायला ताडपत्रीचा का होईना, आडोसा करून द्या. मग पाहुणे घरांच्या मागं शिरत नाहीत. कचऱ्याला डबे ठेवू नका. कुत्री उलथवतात आणि भरलेला डबा उचलायला कुणी येत नाही. ज्याचा त्यानं परत न्यायचा, गेटवर पिशवी दाखवून.

रीलवाल्यांशी भांडत बसू नका, तो वेळ वाया जातो. आमच्या पोरांनी स्वतःच व्हिडिओ टाकायला सुरुवात केली: आज पार्किंग भरलंय, येऊ नका. लोक खरंच दुसरीकडं वळतात. शेजारच्या गावाला राग आला, तो भाग वेगळा.

ग्रामसभेत बंद की चालू यावर आत्ताच मतदान घेऊ नका. तुम्हाला स्वतःलाच ठाऊक नाही किती गाड्या येतात. येत्या रविवारी फाट्यावर दोन पोरं बसवा, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. तासातासाला आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या गाड्या लिहायच्या, दुचाक्या वेगळ्या. असे चार रविवार करा आणि ते कागद घेऊन सभेत उभे राहा. पेन देऊ नका पोरांना, पावसात शाई पसरते. पेन्सिल द्या.