पडद्यावरचा नायक कुणाच्या मनातला?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात ‘श्यामची आई’च्या निमित्ताने वाद झाला. काहींच्या मते गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट काढताना मुख्य भूमिकेसाठी पुस्तकातल्या वर्णनाशी जुळणारा चेहराच घ्यावा. इतरांचे म्हणणे असे, की अभिनय चोख असला की रूप आणि वय गौण ठरते. आपले मत काय?
– एक वाचिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही बाजूंनी वाद रूप आणि अभिनय या दोन टोकांपाशी नेऊन ठेवला आहे. मला विचाराल, तर आधी पाहायचे ते हे, की कादंबरीचे कथानक त्या पात्राच्या कोणत्या गोष्टीवर उभे आहे. तेवढी एक गोष्ट नटाकडे असेल, तर बाकीच्या सवलती खुशाल द्याव्यात. ती नसेल, तर नाकडोळे तंतोतंत जुळूनही काही साधत नाही.

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’मध्ये सगळे गुणाच्या शरीराशी येऊन ठेपते. तमाशात राजा व्हायचे स्वप्न बाळगणाऱ्या त्या रांगड्या गड्यावर नाच्या होण्याची पाळी येते आणि गाव त्याच्याकडे पाहते ती नजरच बदलून जाते. तेथे किरकोळ अंगाचा नट घेतला असता, तर अभिनय कितीही सरस असो, गुणाने काय गमावले हे प्रेक्षकाला दिसलेच नसते. रवी जाधव यांच्या २०१०च्या चित्रपटासाठी अतुल कुलकर्णी यांनी आधी अंग कमावले आणि नंतर ते उतरवले, याचे कौतुक आपण मेहनत म्हणून करतो. माझ्या मते ती कादंबरीची अटच होती.

याच्या उलट अरुण साधूंच्या कादंबरीतला दिगू टिपणीस पाहा. तो दिसतो कसा याच्याशी कथेला काही देणेघेणे नाही. सत्तेचा खेळ जवळून पाहणारा आणि काहीही करू न शकणारा पत्रकार एवढेच त्याचे काम आहे. जब्बार पटेल यांनी १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये ही भूमिका निळू फुले यांना दिली, तेव्हा प्रेक्षक त्यांना मुख्यतः बेरकी, खलप्रवृत्तीच्या माणसांच्या भूमिकांमुळे ओळखत होते. एरवी ज्या नजरेने समोरच्याला जरब बसे, ती नजर येथे निमूटपणे सारे पाहत राहते आणि शेवटी दिगूचा तोल सुटतो, तेव्हा आतापर्यंत दाबून ठेवलेले सगळे एकदम बाहेर येते. हा चेहरा पुस्तकातल्या वर्णनावरून कुणी शोधून काढला नसता.

आता तुमच्या मूळ वादाकडे येतो. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली श्यामच्या आईसाठी वनमाला यांना घेतले. १९४१च्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर उभी राहिलेली ही देखणी तारका कोकणातल्या ओढग्रस्त घरातली माउली म्हणून कागदावर तरी विजोडच वाटते. परंतु साने गुरुजींची आई केवळ मायाळू नाही. अंघोळीनंतर श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आपले ओचे दगडावर पसरणारी आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप असे सांगणारी तीच आई, पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला शिमटीने फोडूनही काढते. हात उगारतानाही माया लपत नाही, अशी अभिनेत्री ही येथली खरी गरज होती. गरिबी नऊवारी साडीने आणि घराच्या भिंतींनी दाखवता येते. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले, हे सर्वज्ञात आहे. सुजय डहाके यांच्या २०२३च्या चित्रपटात गौरी देशपांडे यांनी ही भूमिका केली, तेव्हा नाराज झालेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांची तुलना मला पुस्तकातल्या आईशी नव्हे, तर वनमालाबाईंशी चाललेली दिसली. तुमच्या मंडळातही तसेच होत आहे का, ते एकदा तपासून पाहावे.

प्रश्न : ‘दुनियादारी’ पाहताना माझा महाविद्यालयात शिकणारा मुलगा हसत होता, कारण कट्ट्यावरचे विद्यार्थी त्याला काकांच्या वयाचे वाटले. ‘देवदास’बद्दल मात्र अशी तक्रार कुणी करत नाही. वयाला एवढे महत्त्व द्यावे का?
– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे हसणे रास्त आहे. सुहास शिरवळकरांची ती दुनिया अर्धवट वयाच्या पोरांची आहे. त्या वयातली मैत्री, मारामारी आणि प्रेम यांत एक अविचार असतो, आणि तो तिशी ओलांडलेल्या चेहऱ्यावर आला की पोरकटपणा वाटतो. तरीही २०१३मध्ये चित्रपट धो धो चालला, कारण प्रेक्षकांतले बरेचसे आपलाच कट्टा आठवत बसले होते. त्यांना पडद्यावरच्या वयाशी फारसे कर्तव्य नव्हते.

‘देवदास’ला मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. शरच्चंद्रांचा देवदास घरच्यांपुढे कच खातो, आणि त्याच्या कोवळ्या वयामुळेच आपण त्याला निम्मीअधिक माफी देतो. बिमल रॉय यांच्या १९५५च्या चित्रपटात दिलीपकुमार तिशी ओलांडलेले होते. पण त्यांच्या पडत्या खांद्यांत आणि अडखळत्या, हलक्या बोलण्यात ते कच्चेपण शाबूत राहिले. २००२ साली शाहरुख खान छत्तिशीत होता आणि नायक कोलकात्याऐवजी लंडनहून शिकून परतलेला दाखवला गेला. वयाशी जुळते घेण्याची ही युक्ती असेलही. परंतु विलायत पाहून आलेला हा पुरुष वडिलांच्या एका शब्दापुढे मान का टाकतो, हे कोडे तिने अधिकच अवघड करून ठेवले.

प्रश्न : ‘वदरिंग हाइट्स’मधील हीथक्लिफच्या भूमिकेसाठी गोऱ्या नटाची निवड झाल्यावरून वाद झाला. इतक्या जुन्या कादंबरीबाबत रंगाचा आग्रह धरणे अतिरेकी नाही का?
– एक वाचिका, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : दिग्दर्शिका एमराल्ड फेनेल यांनी आपल्या चित्रपटासाठी जेकब एलॉर्डीची निवड केल्यावर हा वाद पेटला, पण त्याचे मूळ एमिली ब्राँटेच्या १८४७ सालच्या इंग्रजी कादंबरीच्या मजकुरातच आहे. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेल्या या पोराला तेथे सावळा, जिप्सीसारखा म्हटले आहे. शेजारच्या श्रीमंत घराचा मालक तर तो एखाद्या लस्कराचे, म्हणजे आपल्याकडच्या खलाशाचे, पोर असावे असाही तर्क करतो. तो नेमका कुठला हे लेखिका सांगत नाही. मात्र तो ‘आपल्यातला’ नाही ही भावना त्या घरांतल्या साऱ्या वागण्याच्या मुळाशी आहे. म्हणून येथे रंग हा तपशील नाही, कारण आहे. अँड्रिया अर्नोल्ड यांनी २०११मध्ये याच कादंबरीवरच्या चित्रपटात जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय नटाला घेतले, तेव्हा नोकरांत ढकलला जाणारा हीथक्लिफ शब्दांविना कळू लागला.

जाता जाता एक विसंगती सांगतो. १९३९च्या चित्रपटात हीथक्लिफ झाला गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि त्याच्यासमोर गोरी नायिका कॅथरीन म्हणून उभी होती मर्ल ओबेरॉन. ती जन्माने मुंबईची आणि मिश्र वंशाची. हॉलिवूडमध्ये टिकण्यासाठी आपला जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातला असल्याचे ती सांगत राहिली. हीथक्लिफची व्यथा त्या चित्रीकरणात सर्वांत जवळून कुणाला ठाऊक असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

प्रश्न : ‘कोसला’वर चित्रपट निघाल्यास पांडुरंग सांगवीकर कुणी करावा?
– एक वाचक, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : नाव सुचवणार नाही, कारण नावाजलेला नट आला की प्रेक्षक पांडुरंगाऐवजी त्यालाच पाहतील. तो स्वतःच आपले वय ‘उदाहरणार्थ’ पंचवीस सांगतो, तेव्हा पंचविशीतला खानदेशी मुलगा शोधावा. निवड करताना त्याच्या हाती दोन उतारे द्यावेत : एक वसतिगृहातल्या उचापतींचा आणि दुसरा त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा. पहिला वाचून हशा मिळवणारे पुष्कळ येतील. दुसरा वाचताना जो रडका सूर लावणार नाही, त्याला घ्यावे.