‘आइनस्टाइन ऑन द बीच’ या ऑपेराचं कोणतं रेकॉर्डिंग ऐकावं? त्यात गायक नुसते आकडे म्हणतात हे खरं आहे का?

खरं आहे. वन, टू, थ्री, फोर… आणि तेही बराच वेळ. जिथे आकडे नाहीत तिथे दो-रे-मी, म्हणजे त्यांची सरगम. संगीतकार फिलिप ग्लास यांनी मात्रा आणि स्वर पाठ व्हावेत म्हणून तालमीत गायकांना ही अक्षरं दिली आणि पुढे तीच गाण्याचे शब्द म्हणून ठेवून दिली. अधूनमधून बोललेले उतारे आहेत, पण त्यांतूनही कथानक जुळत नाही. आइनस्टाइनचं चरित्र नाही, नायक-नायिका नाहीत. आइनस्टाइनच्या वेशातला एक व्हायोलिनवादक एका बाजूला बसून वाजवतो, तीच त्यांची ठळक हजेरी.

कोणतं ऐकावं याचं माझं उत्तर: आधी १९७९चं, आवडलं तर १९९३चं, आणि मग २०१४चा व्हिडिओ.

हा प्रयोग पहिल्यांदा जुलै १९७६मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यो महोत्सवात झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं थिएटर भाड्याने घेऊन दोन प्रयोग लागले. दोन्ही हाउसफुल्ल. तरी कर्ज डोक्यावर राहिलंच आणि ग्लास पुन्हा टॅक्सी चालवायला गेले. मंचावर हा ऑपेरा सुमारे पाच तास चालतो. मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवं तेव्हा उठावं, चहा-कॉफी घ्यावी, परत येऊन बसावं. आता हे तबकडीवर कसं मावणार? १९७९चा संच चार एलपींचा होता. त्यात बसवण्यासाठी पुनरावृत्त्या छाटून सगळा मामला पावणेतीन तासांच्या आत आणला. १९९३मध्ये ननसच या रेकॉर्ड कंपनीसाठी पुन्हा रेकॉर्डिंग झालं, तेव्हा सीडीमुळे जागा वाढली आणि लांबी तीन तासांच्या पुढे गेली. दोन्हींत ग्लास यांचाच वाद्यवृंद, संचालन मायकेल रीझमन यांचं.

मग लांबचं, साफ आवाजाचं सोडून जुनं का? बोलणाऱ्या माणसांसाठी. लुसिंडा चाइल्ड्स, शेरिल सटन, सॅम्युएल जॉन्सन हे मूळ संचातले लोक त्यात आहेत. खटल्याच्या प्रवेशात चाइल्ड्स यांनी स्वतः लिहिलेला एक छोटा मजकूर आहे. एक बाई एअर कंडिशनिंग सुरू केलेल्या सुपरमार्केटात फिरते आहे, तिथे पोहताना घालायच्या रंगीबेरंगी टोप्या मांडल्या आहेत, तिला घ्यायच्या नाहीत, पण आपण समुद्रकिनारा टाळत आलोय हे तिच्या लक्षात येतं. बस्स. हेच त्या पुन्हा पुन्हा म्हणतात, वाणसामानाची यादी वाचावी इतक्या कोरड्या आवाजात. आठव्या-दहाव्या खेपेला ते वाक्य विनोदी वाटायला लागतं, नंतर अस्वस्थ करतं, आणि मग नुसता नाद उरतो. जॉन्सन तर तेव्हा सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. शेवटच्या तुकड्यात बागेतल्या बाकावरच्या प्रेमिकांची गोष्ट ते बस ड्रायव्हरच्या भूमिकेतून सांगतात. तो मजकूरही त्यांचाच. चाइल्ड्स आणि सटन १९९३मध्येही आहेत, जॉन्सन यांचं काम मात्र तिथे दुसऱ्यांनी केलंय, चांगलं केलंय, पण जॉन्सन यांच्या आवाजातला ठहराव तिथे मला सापडत नाही. वाद्यांचं म्हणाल तर जुन्यात इलेक्ट्रिक ऑर्गन जरा कर्कश आहे. इअरफोनवर आवाज बेतानेच ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न, ‘यात ऐकायचं काय?’ तुम्ही थोडाफार तबला ऐकत असाल तर हा ऑपेरा तुम्हाला वाटतो तितका परका नाही. साठच्या दशकाच्या मध्यात पॅरिसमध्ये ग्लास यांना एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य नोटेशनमध्ये उतरवायचं काम मिळालं होतं. उभ्या रेघा मारून ते माप पाडत आणि दर वेळी आघात चुकीच्या जागी पडे. तबल्यावर अल्लारखां होते. ते सांगत राहिले, सगळे स्वर सारखेच आहेत. शेवटी ग्लास यांनी रेघाच खोडल्या, तेव्हा कुठे दोन-दोन, तीन-तीनचे गट जोडत जाणारी लय त्यांना दिसली.

पण एक फरक आधीच लक्षात घ्या, नाहीतर सम (तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा) शोधता शोधता वैतागाल. आपल्याकडे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पक्कं असतं. तीनताल सोळाचा तो सोळाच. वादक त्याच्या आत तीनचे, पाचचे, सातचे तुकडे बसवतो आणि तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर येतो. ग्लास यांच्याकडे आवर्तनच फुगतं आणि आटतं. ‘ट्रेन’ हा प्रवेश ऐका. एक छोटा आकृतिबंध येतो, त्याला दोन स्वर जोडले जातात, मग आणखी, मग काही काढले जातात. टाळी धरायला गेलात की हुकणार. बदल नेमका कुठे झाला तेवढं पकडायचं, त्यातच गंमत आहे. याउलट अगदी सुरुवातीच्या तुकड्यात हिशेब सरळ आहे: ऑर्गनचे खालचे तीनच सूर, पहिला चार मात्रा, दुसरा सहा, तिसरा आठ, आणि वर गायक तेच मोजतात. तबल्याचा कायदा (बोलांची ठरलेली रचना) शिकताना बोटांवर मात्रा मोजलेल्या माणसाला तिथे लगेच पाय टेकवायला जागा मिळते.

पहिल्याच दिवशी सलग सगळं ऐकू नका. ‘नी प्ले’ नावाचे पाच छोटे जोडप्रवेश आहेत, त्यांतला पहिला, मग ‘ट्रेन’, मग खटला-तुरुंग, मग ‘स्पेसशिप’ आणि पाचवा ‘नी प्ले’ एवढं पुरे. दोन्ही ‘डान्स’ मागे ठेवा. नाच न पाहता ते ऐकणं म्हणजे माझ्या मते निव्वळ सहनशक्तीचं काम आहे.

आणि व्हिडिओ हवाच, कारण हा ऑपेरा निम्मा दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांचा आहे. (विल्सन यांना आधी चॅप्लिन किंवा हिटलरवर काम करायचं होतं, ग्लास यांनी गांधी सुचवले, आणि मधला मार्ग म्हणून आइनस्टाइन ठरले. गांधींवरचा ‘सत्याग्रह’ ग्लास यांनी पुढे १९८०मध्ये केलाच, तोही गीतेतले संस्कृत श्लोक घेऊन.) ‘बेड’ नावाच्या प्रवेशात तबकडीवर नुसता ऑर्गन आणि मग एका स्त्रीचा शब्दाविना आवाज ऐकू येतो. मंचावर त्या वेळी अंधारात प्रकाशाचा एक आडवा पट्टा असतो. तो अतिशय सावकाश एका टोकाने उचलला जातो, उभा होतो आणि वर निघून जातो. माणूस जवळपास नाहीच. पॅरिसच्या शॅटले थिएटरात जानेवारी २०१४मध्ये चित्रित केलेल्या प्रयोगाची डीव्हीडी आहे, त्यात हे पाहायला मिळतं. तबकडीवर हाच तुकडा लांबलेला वाटून तुम्ही पुढे ढकलला असेल, तर व्हिडिओ तिथूनच सुरू करा.